फोंड्यात ब्रँडची फ्रँचायझी घेतलीय पण हेड ऑफिसच्या जाहिरातींनी गिऱ्हाईक येत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पिझ्झाच्या चेनची फ्रँचायझी आहे, जाहिरातीचे पैसे दर महिन्याला कापले जातात आणि पोस्टर बघून कोणी फिरकत नाही. मी अशाच एका चेनच्या गोव्यातल्या आउटलेट्सचं मार्केटिंग बघतो, त्यामुळे तुमच्या पोस्टरवर काय असेल ते न बघता सांगतो: माड, शॅक आणि गॉगलवाली पोरं. वर बसलेल्यांना गोवा म्हणजे बीच. अहो, फोंड्याला समुद्रच नाही! तुमचं गिऱ्हाईक फर्मागुडीच्या कॉलेजांतलं, कुंडई-बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेला आलेलं.

माझ्या मते फोटो बदलून फार काही होत नाही, आधी कॅलेंडर बदला. श्रावणात आपल्याकडे बऱ्याच घरांत मासळी-मटण बंद, कित्येकांचं तर थेट चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटपेपर्यंत, आणि नेमकं तेव्हाच वरून चिकनच्या ऑफरचं बॅनर येतं. चवथीला पणजी-वास्कोची मंडळी मूळ घरी येतात, घर पोराटोरांनी भरलेलं, दोन दिवस नेवऱ्या-मोदक झाले की त्यांना दुसरं काहीतरी हवं असतं, तेव्हा मोठी व्हेज कॉम्बो ठेवा आणि कवळे, बांदोडा, बोरी अशा गावांचं नाव घालून सांगा की तिथपर्यंत डिलिव्हरी करतो. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे करत पोरं पहाटेपर्यंत जागी असतात, परवानगीचं जमलं तर उशिरापर्यंत उघडं ठेवा. आणि दुपारी दीड-दोनच्या ऑफरवर गावात पैसे घालू नका, सगळे जेवून आडवे झालेले असतात, ती फक्त कॉलेजवाल्यांना दाखवा.

आता एक सेटिंग, यात गोव्यात भयंकर पैसा जातो. गूगल ॲड्समध्ये लोकेशन निवडलं की मुळात जो पर्याय लागलेला असतो त्यात त्या जागेत असलेले लोक येतात आणि त्या जागेत नुसता इंटरेस्ट दाखवलेलेही येतात. म्हणजे गोवा टाकलंत तर दिल्लीत बसून ट्रिप प्लॅन करणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते, तो काय फोंड्याला पिझ्झा मागवणार? तो पर्याय बदलून फक्त तिथे असणारे किंवा नेहमी येणारे असा करा, आणि अख्खा गोवा न घेता दुकानाभोवती डिलिव्हरी पोचते तेवढीच त्रिज्या घ्या.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे सर्च आणि मॅपवर दुकानाचं नाव, पत्ता, वेळ दिसते ते, तुमच्या आउटलेटचं वेगळं हवं, मालकी कंपनीकडे राहू दे पण मॅनेजरचा ॲक्सेस मागाच, नाहीतर चवथीच्या पहिल्या दिवशी दुकान बंद आणि गूगलवर उघडं दिसतं, मग शिव्या तुम्हाला. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट मात्र देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

जाहिरात कुठल्या भाषेत करायची तेही विचारलंत. पॅम्फ्लेट मराठी पेपरातून टाका, इन्स्टावर पोरं बोलतात तशी कोकणी चालते, फक्त हेड ऑफिसकडून भाषांतर करून घेऊ नका, तिथलं मराठी पुण्याचं असतं आणि कोकणी कुठली असते ते देवाला ठाऊक.

हे सगळं तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये बसतं का ते आधी बघा. नॅशनल फंड, म्हणजे जाहिरातीसाठी दर महिन्याला कापतात ते पैसे, आणि लोकल खर्च बहुतेक वेगळे लिहिलेले असतात. एरिया मॅनेजरकडे असं टेम्पलेट मागा की ज्यात लोगो, फाँट, रंग लॉक असतील पण तारीख, ऑफर, गावाचं नाव आणि फोटो तुम्हाला बदलता येईल. अशा मागणीला ते सहसा नाही म्हणत नाहीत, स्वतः डिझाइन करून पाठवलंत तर मात्र नक्की अडकवतील.