ओढ्यानंतर डिफरन्शियलचा आवाज? आधी ब्रीदर बघा

जुनी टाटा झेनॉन फोर बाय फोर पिकअप, पावसाळ्यात ओढे ओलांडले, आता मागून घूंऽऽ आवाज येतो आणि उजव्या ड्रममध्ये ऑइल उतरतंय, असं तुम्ही लिहिलंय. गाडी न बघता छातीठोकपणे सांगत नाही, पण माझा संशय ब्रीदरवर आहे.

मागच्या ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तोच ब्रीदर. डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तापलं की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. टोपी चिखल-गंजाने बसली की तीच हवा ॲक्सलच्या टोकाच्या ऑइल सीलमधून वाट काढते, सोबत ऑइल ढकलते आणि ब्रेकचे लायनर भिजतात. उलट, तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तुमच्याकडे दोन्ही झालेलं दिसतंय.

माझा सर्वात जास्त पैसा याच भानगडीत गेला. सर्व्हिस सेंटर (नाव घेत नाही) दर वेळी सील आणि लायनर बदलून बिल हातात ठेवायचं. टोपी फिरवून बघायची तसदी कोणी घेतली नाही, ऑइलचा रंगही बघितला नाही. शेवटी डिफरन्शियलच्या आतले मुख्य गिअर, क्राउन-पिनियनच, बदलावे लागले. वर उत्तर काय, तर ‘साहेब, गाडी जुनी आहे’! अरे, जुनी आहे म्हणूनच तर दाखवायला आणली ना?

असो. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी ऑइल भरायचा वरचा फिलर बोल्ट सुटतोय का बघा. तो अडकला तर ऑइल काढून गाडी जागेवरच. ऑइल ताकासारखं निघालं तर पाणी शिरलंय. मग साधं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल भरून २०-३० किमी हळू चालवा, परत काढा आणि मगच चांगलं भरा. पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याला चालणारंच ऑइल घ्या. डिझेल भरून गाडी चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

टोपीच्या जागी त्याच आट्याचा निपल लावून ऑइल सोसणारा ८ एमएम होज मागच्या दिव्यापर्यंत वर न्या, टोकाला छोटा फ्युएल फिल्टर लावा. ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताण येणार नाही इतका ढिला ठेवा. पुढचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) यांचंही तेच. तोवर पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी थांबवा.

विषय निघालाच आहे म्हणून: रिकामा हौदा मागून नुसता उडतो, शंभरेक किलो वाळूची पोती ॲक्सलच्या वर बांधा. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नका, ट्रान्सफर केस आवळते.

ऑइल काढलं की तळाशी काय बसलंय ते इथे लिहा. बारीक राखाडी गाळ असेल तर फारसं बिघडलेलं नाही. चकचकीत पापुद्रे निघाले तर मात्र डिफरन्शियल उघडावंच लागेल.