फाय थीटा कॅपाचं आमंत्रण आलंय? मग हे वाच

आमंत्रणाची ईमेल आली म्हणून आधी मनापासून अभिनंदन! ती बनावट तर नाही ना, ही तुझी शंका रास्त आहे, कारण पैसे मागणाऱ्या भलत्याच 'ऑनर सोसायट्या' (चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना सदस्यत्व देणाऱ्या संस्था) अमेरिकेत खूप आहेत. पण फाय थीटा कॅपा १९१८ साली मिझुरीत सुरू झाली आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची अधिकृत ऑनर सोसायटी म्हणून तिला १९२९ पासून मान्यता आहे. तरीही लिंकवर क्लिक करण्याआधी आपल्या कॉलेजातल्या चॅप्टरच्या, म्हणजे तिथल्या शाखेच्या, सल्लागार प्राध्यापकांना भेटून खात्री कर.

सदस्य व्हायला साधारण १२ क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे अभ्यासगुण) आणि ४ पैकी ३.५ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. नेमका आकडा चॅप्टर ठरवतो. सदस्यत्वाची फी एकदाच भरायची असते. ती जड जात असेल तर सल्लागारांना स्पष्ट विचार, कधीकधी चॅप्टर मदत करतो. यात लाजायचं काही कारण नाही.

खरा फायदा पुढे आहे. चार वर्षांच्या अनेक विद्यापीठांत या सदस्यांसाठी वेगळ्या ट्रान्स्फर शिष्यवृत्त्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातून तिथे पुढे शिकायला जाणाऱ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या, असतात. मात्र त्या आपोआप मिळत नाहीत. मुदत पाहून अर्ज करावा लागतो, म्हणून शेवटच्या सेमिस्टरपर्यंत थांबू नकोस. एफ-१ व्हिसावर (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा) असशील तर नागरिकत्वाची अट आधी वाच.

आणि नुसतं प्रमाणपत्र घेऊन बसू नकोस गं! मी पहिलं सेमिस्टर एकाही बैठकीला गेले नाही, त्याची हळहळ अजून वाटते. नंतर सेवाप्रकल्पात उतरले, तेव्हा कुठे मला ओळखणारे प्राध्यापक मिळाले आणि शिफारसपत्र मागायची हिंमत झाली.