‘सेट’चे ४३० अर्थ पाठ करावेत का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात आहे. त्याच्या गणितात ‘सेट’ म्हणजे संच, इंग्रजीच्या धड्यात सूर्य ‘सेट’ होतो आणि बातम्यांत उच्च न्यायालय एखादा आदेश ‘सेट असाइड’ करते. या शब्दाला ४३० अर्थ आहेत, असे त्याला शिकवणीत सांगितले गेले. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे आले आणि मुलाने ते लक्षात तरी कसे ठेवायचे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हा आकडा ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला आहे आणि तो केवळ ‘सेट’ या क्रियापदाचा आहे. त्या एका नोंदीने सुमारे ६०,००० शब्दांची जागा व्यापली होती. मात्र हा कोश ऐतिहासिक पद्धतीचा असल्यामुळे त्यात केव्हाच वापरातून गेलेले अर्थही नोंदलेले असतात, शिवाय ‘सेट ऑफ’, ‘सेट अप’, ‘सेट आउट’ यांसारख्या जोडप्रयोगांचे पोटअर्थही वेगवेगळे मोजले जातात. ४३० हा आकडा त्यामुळे संपादकांनी किती बारीक विभागणी केली, याचा आहे. पुढे याच कोशाच्या नव्या आवृत्तीत २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह ‘सेट’ला मागे टाकले, हेही शिकवणीत सांगायला हरकत नाही.

आता मूळ शंकेकडे वळू. ज्याला आपण एक शब्द समजतो, ते प्रत्यक्षात दोन शब्द आहेत. पहिला जुन्या इंग्रजीतील ‘सेटन’, म्हणजे बसवणे. इंग्रजीत बसण्याला जे ‘सिट’ आहे, त्याचेच हे प्रयोजक रूप. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘सेत’, ज्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे पंथ किंवा अनुयायांचा गट. काळाच्या ओघात क्रियापदाचे प्रत्यय झिजले, दोन्हींचा उच्चार सारखाच झाला आणि त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळले. गणितातील संच, चहाच्या कपांचा सेट, दागिन्यांचा सेट आणि हॉटेलात एका बशीत दोन-तीन मिळून येणारा सेट डोसा, हे सारे गटाच्या अर्थाचे. नाटक-चित्रपटाचा सेट मात्र मांडलेला देखावा असल्यामुळे तो क्रियापदाच्या बाजूचा.

क्रियापदाच्या बाबतीत मराठी माणसाला फारसे अवघड वाटू नये, असे मला वाटते. डॉक्टर मोडलेले हाड ‘सेट’ करतात, आपण हाड बसवतो. सोनार अंगठीत खडा ‘सेट’ करतो, आपण खडा बसवतो. जेली ‘सेट’ होते, म्हणजे थलथलणारा पदार्थ घट्ट होऊन जागच्या जागी बसतो. सूर्याचेही तसेच आहे, कारण जुन्या इंग्रजीत मावळणारा सूर्य आपल्या आसनाकडे जातो, असे म्हणत. पुढे मात्र वाटा फुटतात : इंग्रज गजर ‘सेट’ करतो तेव्हा आपण तो लावतो, तो भाव ‘सेट’ करतो तेव्हा आपण ठरवतो आणि जेवणाचे टेबल ‘सेट’ करतो तेव्हा आपण पाने मांडतो.

खरी अडचण जोडप्रयोगांत आहे. घरखर्चातून काही रक्कम ‘सेट असाइड’ केली, तर ती बाजूला काढून जपून ठेवली जाते. न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल ‘सेट असाइड’ केला, तर तो रद्द होतो. ‘निकाल बाजूला ठेवला’ असे भाषांतर केले, तर निकाल राखून ठेवला असा वाचकाचा समज होईल आणि बातमीचा अर्थच पालटेल. ‘सेट ऑफ’ तर प्रवासाला निघण्यासाठी, फटाका उडवण्यासाठी आणि प्राप्तिकराच्या हिशेबात नफ्यातून तोटा वजा करण्यासाठीही चालतो. म्हणून मुलाने अर्थांची यादी घोकण्यापेक्षा असे पंधरा-वीस जोडप्रयोग पूर्ण वाक्यांसह वहीत उतरवून घ्यावेत आणि रोजच्या उपयोगासाठी विद्यार्थ्यांसाठीचा छोटा कोश जवळ ठेवावा.

‘मुलगा नोकरीत सेट झाला’ हा आपल्याकडचा प्रयोग मात्र त्याने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत लिहू नये. तेथे ‘सेटल’ लागते. तसेच प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ ही पात्रता परीक्षा या शब्दाचा आणखी एक अर्थ नव्हे, ती केवळ तीन आद्याक्षरे आहेत.