कंट्रोलर सगळं ठीक दाखवतो, तरी तिसऱ्या प्लॉटला पाणी का कमी पडतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ वडणग्याकडं ३ एकर ऊस, पाणी नदीवरचं, ठिबकला ऑटोमेशन (म्हणजे ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कंट्रोलर), ३० गुंठ्यांचे चार प्लॉट आणि चार व्हॉल्व्ह. कंट्रोलरवर चारही पाळ्या पूर्ण झालेल्या दिसतात, पण तिसऱ्या प्लॉटातला ऊस माना टाकतोय. वेळ वाढवून बघितली, फरक नाही. आता कंट्रोलर बदलावा का?

बदलू नका, निदान एवढ्यात तरी नाही. साधा कंट्रोलर काय सांगतो, तर "मी व्हॉल्व्ह उघड म्हणून सांगितलं आणि एवढी मिनिटं मोजली". व्हॉल्व्ह खरंच उघडला का, पाइपात पाणी होतं का, हे त्याला कळत नाही. लाइनीवर वॉटर मीटर बसवून त्याला जोडलेला असेल तरच कळतं. बॅटरीवर चालणारा असेल तर लाइट गेली, मोटर थांबली, तरी तो पाळी मोजत राहतो. म्हणून पहिलं काम हे की तिसऱ्या प्लॉटच्या पाळीला स्वतः रानात उभं राहा. थ्री फेजची वेळ दिवसावरून रात्रीवर गेली आणि टाइमिंग जुनंच राहिलं, हे आपल्याकडं नेहमीचं आहे.

मोटर चालू असताना पाणी कमी येत असेल तर एक प्रेशर गेज घ्या. कोल्हापुरात उद्यमनगरात सहज मिळतं आणि पाना-पक्कडीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. तिसरा व्हॉल्व्ह चालू असताना फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या नंतर, व्हॉल्व्हच्या आधी, व्हॉल्व्हच्या नंतर आणि शेवटच्या नळीच्या टोकाला दाब बघा. जिथं दाब एकदम पडतो, तिथं दोष. बाकीचं उकरायची गरज नाही.

फिल्टरच्या आधीच दाब कमी असेल तर घोळ मोटरीकडं आहे, पण मग चारही प्लॉटांना थोडाफार फटका बसायला हवा. फूटव्हॉल्व्हला (नदीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या व्हॉल्व्हला) केंदाळ अडकलेलं असतं, बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यावर पातळी उतरून सक्शन हवा ओढतं, किंवा विजेच्या लाइनीच्या कामानंतर फेज उलटी होऊन पंप उलटा फिरतो. उलटा फिरणारा पंपही पाणी देतो, फक्त कमी देतो, त्यामुळं लवकर लक्षात येत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोपेक्षा (गेजवरचा किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर फिल्टरमधल्या चकत्या काढून धुवा. आणि व्हेंचुरीशेजारचा (लाइनीत खत ओढून घेणाऱ्या नळीशेजारचा) व्हॉल्व्ह बघा. खत सोडताना तो अर्धा दाबतात आणि नंतर तसाच राहतो.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र व्हॉल्व्हचाच संशय आहे, आणि तोही फक्त तिसऱ्याचा नाही.

हायड्रॉलिक व्हॉल्व्ह कसा चालतो ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. व्हॉल्व्हच्या डोक्यात रबरी पडदा असतो. त्याच्यावर पाण्याचा दाब आहे तोवर व्हॉल्व्ह बंद. सोलेनॉइडला, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या विजेच्या कॉइलला, करंट मिळाला की पडद्यावरचं पाणी बारीक नळीतून बाहेर सुटतं आणि खालच्या पाण्यानं पडदा उचलला जातो. करंट थांबला की मेन लाइनीचं पाणी त्याच बारीक वाटेनं परत पडद्यावर येतं आणि व्हॉल्व्ह मिटतो. म्हणजे दोन-तीन इंची पाइपाचा कारभार काही मिलिमीटरच्या वाटेवर चालतो, आणि आपलं पाणी पंचगंगेचं, पावसाळ्यात गाळानं भरलेलं.

यातून दोन प्रकार होतात. पाणी बाहेर सुटायचं भोक बुजलं तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो. या भोकात कुंभारमाशीनं माती भरलेली मी बघितली आहे. वरून सगळं चांगलं दिसतं, कॉइल टक् वाजते, पण पडदा उचलतच नाही. दुसरा प्रकार आत पाणी घेणाऱ्या वाटेचा. तिथं बोटाएवढा बारीक फिल्टर असतो, तो बहुतेकांना माहीतच नसतो. काढून बघा, जाळीवर चॉकलेटी साय धरल्यासारखा गाळ बसलेला असतो. हा बुजला की व्हॉल्व्ह मिटायला फार वेळ लावतो किंवा पूर्ण मिटतच नाही. मग तिसऱ्याची पाळी चालू असताना दुसऱ्या प्लॉटातही पाणी पडत राहतं.

हिशेब करा. ५ फुटी सरी, ४० सेंटिमीटरवर तासाला ४ लिटरचा ड्रिपर धरला तर ३० गुंठ्यांना तासाला साधारण २० हजार लिटर लागतात. दोन प्लॉट एकदम उघडे राहिले की मागणी ४० हजार, आणि मोटर तेवढं देत नसेल तर दाब पडतो. म्हणून तिसऱ्याच्या पाळीत पहिल्या-दुसऱ्या प्लॉटात चालत जा आणि नळ्या ठिबकताहेत का बघा. तिसऱ्याचा ऊस सुकतोय म्हणून त्याचाच व्हॉल्व्ह खोलत बसण्यात दिवस जातो.

तिकडं ठिबकत नसेल तर तिसऱ्या व्हॉल्व्हची सोलेनॉइडवरची कळ हातानं फिरवा. हातानं उघडल्यावर दाब पूर्ण आला तर पाणी ठीक आहे, वायर किंवा कॉइल बघा. कंट्रोलरवर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या वायरींची अदलाबदल करा. दुसऱ्याच्या जागेवरून तिसरा प्लॉट व्यवस्थित चालला तर कंट्रोलरचं आउटपुट गेलंय, आणि तेव्हाच त्याच्या दुरुस्तीचा विचार करा. नाही चालला तर वायर नाहीतर कॉइल. मल्टिमीटरनं कॉइलचा रेझिस्टन्स शेजारच्या चांगल्या कॉइलशी ताडून बघा. भरणी (उसाला माती लावणं) झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर वायर तुटली असण्याची शक्यता दाट, आणि काळ्या रानात नुसती टेप गुंडाळलेला जोड फार काळ टिकत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात रान बुडालं असेल तर सगळेच जोड एकदा उघडून बघा.

व्हॉल्व्हच्या पुढं दाब चांगला आणि टोकाला पाणी नाही, असं निघालं तर मात्र नळ्या चोंदल्यात. सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या प्लॉटातल्या पाइपाचा) फ्लश व्हॉल्व्ह आणि नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईतोवर सोडा. मग सुरुवातीच्या, मधल्या आणि टोकाच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून ३ मिनिटं पाणी धरा. ४ लिटरच्या ड्रिपरनं २०० मिलि द्यायला हवं. पांढरा क्षार दिसला तर आम्ल, बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही. आणि आम्ल व ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० (स्फुरदाचं विद्राव्य खत) एका टाकीत कालवत असाल तर तेही थांबवा, साका धरतो तो तिथंच.

दोष सापडेपर्यंत वाढवलेली वेळ परत जुनी करा. दाब कमी असताना वेळ वाढवली की नळीच्या सुरुवातीचा ऊस पाण्यात उभा राहतो आणि टोकाचा तसाच सुकत राहतो. आपल्या भागातल्या काळ्या जमिनी जास्तीच्या पाण्यानं खारवतात हे शिरोळकडं गेलात की बांधावरून दिसतं.

गेजचे पाचही आकडे, पंपाचे एचपी आणि दुसरा प्लॉट तिसऱ्याच्या वेळी ठिबकतो का, एवढं खाली लिहा. त्यावरून कुठलं डोकं खोलायचं ते नक्की सांगता येईल.