घरमालकाचा फोन त्याला न सांगता रेकॉर्ड केला तर गुन्हा होतो का?

नाही. त्या बोलण्यात तुम्ही स्वतः आहात ना? मग करा बिनधास्त. एवढं ठासून सांगतोय, कारण याच प्रश्नापायी माझे ४० हजार बुडाले.

भांडुपला भाड्याने राहायचो, डिपॉझिट ७५ हजार. खोली सोडताना मालकाने ३५ हातावर टेकवले, बाकीचे म्हणे रंगकामात गेले. अहो, गणपतीआधी रंग मीच काढून घेतला होता! फोन करून करून त्याला भंडावलं, तेव्हा एकदा वैतागून बोलून गेला, "चाळीस देणं आहे माझ्याकडे, दिवाळीनंतर बघू." माझ्या मोबाइलमध्ये स्पष्ट आलं होतं. त्या रविवारी आमचे मेव्हणे जेवायला. एलएलबीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेले. ताटावरूनच म्हणाले, "चोरून रेकॉर्डिंग? उलट तुम्हीच आत जाल, भावोजी." बायको घाबरली. मी उष्ट्या हाताने तिथल्या तिथे डिलीट केलं. दिवाळी झाली, मालक म्हणतो, मी असं बोललोच नाही.

पुढे कळलं, या वादाचा निकाल आपल्या मुंबईच्याच प्रकरणात कधीच लागलाय. १९६४ साली इथल्या कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), मलकानींनी, एका डॉक्टरकडे पैसे मागितले. मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये ती टेप पुरावा म्हणून धरली. मेव्हण्यांचा तेव्हा जन्मही नव्हता.

हां, दुसऱ्या दोघांचं बोलणं मधेच ऐकून टेप करणं वेगळं, त्यात अडकाल. सोसायटीच्या ग्रुपवर क्लिप टाकू नका, अब्रूनुकसानीचा दावा येईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे या सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून समोरचा वकील खासगीपणाचा मुद्दा काढतोच. आणि ज्या मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तो एक्स्चेंजमध्ये देऊ नका. कोर्टात नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या रेकॉर्डिंगचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब. हल्ली बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की बाई दोघांनाही ऐकू जाईल असं सांगते. स्पीकरवर टाका, दुसरा मोबाइल शेजारी ठेवा.

जुलै २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याने बायकोला न सांगता केलेली रेकॉर्डिंगसुद्धा चालवून घेतली. ती बातमी मेव्हण्यांना पाठवली. त्यांनी अंगठा दाखवला. भाऊबिजेला येतात, पण ४० हजारांचा विषय बायको काढू देत नाही.