पडद्यावर दिसणारे बाबा

प्रश्न : माझे वडील पुण्यातील एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. संसर्गाच्या भीतीने भेटी बंद असल्यामुळे परिचारिका रोज सायंकाळी व्हिडिओ कॉल लावून देतात. त्यांचे बांधलेले हात पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे. आईला मात्र कॉल हवाच असतो. मी काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ते दृश्य पाहून जीव गलबलणारच. घशातील नळी रुग्णाने गुंगीत उपसून काढू नये म्हणून कधीकधी मनगटे मऊ पट्ट्यांनी बांधतात. ती नळी स्वरतंतूंमधून जात असल्याने वडिलांना बोलता येत नाही, आणि औषधांमुळे ते ओळख न दाखवता पाहत राहिले, तरी त्याचा अर्थ ते रुसले आहेत असा नव्हे. प्रत्यक्ष भेटीत हे समजावणारे कोणी शेजारी असते, पडद्यावर केवळ दृश्य उरते. म्हणून कॉल जोडण्यापूर्वी 'आज काय दिसेल' हे परिचारिकेला विचारून घ्या. पट्ट्यांची गरज अजून आहे का, हेही डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

आईंना पाहू द्या. तुम्ही पडद्यापासून दूर बसून नुसता आवाज ऐकवलात तरी त्यात कर्तव्यात कसूर नाही. कुंडीतला मोगरा, शेजारच्या मुलाची दहावी, असे नेहमीचेच बोला. (स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे मात्र कटाक्षाने टाळा; त्याला वडिलांची संमती नाही.)

रुग्णाच्या आप्तांना होणारा असा त्रास वैद्यकशास्त्रानेही मान्य केलेला आहे. निद्रानाश लांबला, तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.