खेळांची एकत्रित वर्गणी

प्रश्न : बारावीची परीक्षा संपल्यापासून मुलगा अनेक ऑनलाइन खेळ एकत्र देणारी मासिक वर्गणी मागतो आहे. ती भरावी का? – एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : २०१७ साली सुरू झालेल्या एक्सबॉक्स गेम पाससारख्या योजनेत शेकडो खेळ मिळतात, परंतु ते आपल्या मालकीचे होत नाहीत, वर्गणी थांबली की ते बंद होतात आणि काही खेळ मधूनच यादीतून काढलेही जातात. म्हणून मुलगा महिन्यात तीन-चार नवे खेळ खरोखर खेळणार असेल, तर सुटीपुरती वर्गणी मला रास्त वाटते. एकाच खेळात रमत असेल, तर तोच सवलतीत विकत घ्यावा. वर्गणीचे नूतनीकरण आपोआप होते, म्हणून सुटी संपण्यापूर्वी ती आठवणीने रद्द करा.